अडखळणाऱ्याला मत द्या

सोमवार, ४ मार्च

प्रिय बाबा,

तुम्हांला आणि आईला आम्हां दोघांचा नमस्कार. आईने पाठवलेला स्वेटर पोचला. बारक्याने तो घातला, आरशात बघितलं आणि म्हणाला, "ताई, यात मी गाणारा कमी आणि आजारी जास्त दिसतो." पण काढला नाही. स्टुडिओत दिव्यांखाली घाम फुटतो आणि दोन पावलं बाजूला झालं की दात वाजतात, त्यामुळे स्वेटरला इलाज नाही.

खोली दोघांना पुरेशी आहे. खिडकी उघडत नाही, पण खालचा रस्ता दिसतो. आमचे फोन अजून चॅनेलवाल्यांच्याच कपाटात आहेत. निकाल आधी फुटू नये म्हणून सगळ्यांचेच काढून घेतात. माझ्यासारख्या स्पर्धकांबरोबर आलेल्या बाकीच्यांचा जीव कासावीस होतो, मला काही वाटत नाही. तुम्ही पहिला शब्द काढेपर्यंत समोरचा "हॅलो, हॅलो" करून ठेवून देतो, म्हणून तुम्ही फोनचं नावच टाकलंत. आपल्या घरात महत्त्वाचं सगळं कागदावरच बोललं जातं. मला तर फोनपेक्षा तुमचं अक्षर ऐकायची सवय जास्त.

आता बातमी. तुम्ही लिहिलं होतंत की गाण्यातलं आपल्याला कळत नाही, पण ती बेकरीत काम करणारी मुलगी गायला लागली की तुम्ही हातातली चष्म्याची काच खाली ठेवता, आणि तीच जिंकणार. बाबा, ती मागच्याच्या मागच्या आठवड्यात घरी गेली. तुम्ही पाहिलंच असेल. त्या दिवशी तिन्ही परीक्षक उभे राहिले होते. एक जण तर डोळे पुसत म्हणाला, "तू अंतिम फेरीत आहेसच, बाकी कोण येतंय तेवढं बघायचं." आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो. आणि मतं मोजली तर ती सगळ्यांत खाली.

मला काही सुधरेना. इथे एक बाई आहेत. त्यांचं खरं पद काय देव जाणे, पण स्पर्धकांच्या घरच्या कहाण्या गोळा करून त्या गाण्याआधी दाखवायच्या, हे त्यांचं काम. आम्ही त्यांना गोष्टवाल्या बाई म्हणतो. स्वभावाने चांगल्या आहेत, सगळ्यांना गोळ्या-बिस्किटं वाटतात. त्यांना विचारलं तर हसल्या. म्हणाल्या, "तिला मारलं कौतुकाने. घरी बसलेला माणूस काय म्हणतो? हिचं ठरलेलंच आहे, मी कशाला फोन लावू? पोहणाऱ्याला कोणी दोरी टाकत नाही. बुडणाऱ्याला टाकतात."

बेकरीवाली बॅग भरताना रडली नाही. फक्त म्हणाली, "मला कोणीतरी वाईट म्हणायला हवं होतं गं."

एकदा हे कळलं की मग सगळंच दिसायला लागतं. तो कारखान्याच्या गावचा मुलगा, त्याचा सूर लागला काय आणि न लागला काय, पाळी सुटली की अख्खं गाव फोनला बसतं. शेवटी गाणाऱ्याला जास्त मतं पडतात, कारण तेव्हा नंबर पडद्यावर असतो आणि गाणं कानात. पहिल्यांदा गाणाऱ्याला लोक जेवणं आटपेपर्यंत विसरलेले असतात. म्हणजे गाणं हे आमटीतल्या मिठासारखं झालं. नसलं तर कळतं, असलं म्हणून कोणी आमटीचं कौतुक करत नाही.

बारक्या त्या आठवड्यात खालून दुसरा होता. थोडक्यात वाचला. या आठवड्यात मात्र वरून दुसरा आला.

तुम्ही विचारलंत, तो सूत्रसंचालकाशी बोलताना मध्येच अडखळत का होता. थकवा आहे बाबा. सकाळपासून तालीम, मग कपडे, मग चित्रीकरण. लहानपणचं ते आठवीतच गेलं, ते कुठलं परत यायला! तुम्ही उगाच मनाला लावून घेऊ नका.

आईला सांगा, जेवण चांगलं आहे. मतांचं तेवढं बघा. तुमच्या दुकानाच्या मालकांनाही सांगा.

तुमची,
ताई


मंगळवार, १२ मार्च

प्रिय बाबा,

नमस्कार.

तुमचं पत्र काल सकाळी मिळालं. चारच ओळी. किती वेळा वाचल्या ते सांगत नाही.

"हे त्याचं अडखळणं नाही. त्याचं क आणि त वर असायचं, आणि तेव्हा त्याची हनुवटी खाली जायची. टीव्हीवर डोळे मिटून, हनुवटी वर करून जो म वर अडला, तो मी होतो. हे तो का करतोय ते मला कळव."

तुमच्यापासून काय लपणार? दिवसभर भिंगातून काचेवरचा ओरखडा शोधणारा माणूस तुम्ही. मीच वेडी, थकवा म्हणून मोकळी झाले.

खरं सांगते. बेकरीवाली गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी गोष्टवाल्या बाई आमच्या खोलीत आल्या. पलंगावर मांडी घालून बसल्या आणि बारक्याला म्हणाल्या, "तुझं सगळं छान आहे रे. घर छान, आईवडील छान, ताई छान. हीच अडचण आहे. तुझ्याबद्दल सांगू काय लोकांना?" मग माझ्याकडे वळल्या. "लहानपणी काही? आजारपण? अपघात?"

मी आपलं बोलायला काहीतरी म्हणून सांगितलं, की तो लहानपणी अडखळत बोलायचा. गाण्यात मात्र अडत नसे, म्हणून वाचेचा इलाज करणाऱ्या बाईंनी त्याला गायला लावलं, आणि त्यातूनच हे गाणं आलं.

त्या पुढे सरकल्या. "आणि आता?"

"आता नाही."

"अजिबात नाही?"

"नाही."

"हं," म्हणाल्या, आणि उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "मी कधी कोणाला काही शिकवत नाही हं. मी फक्त विचारते."

बस. एवढंच. त्यानंतर बारक्याने काय ते ठरवलं. मंचावर गेला, सूत्रसंचालकाने आईबद्दल विचारलं, आणि "माझी आई" म्हणताना तो म वर थांबला. अख्खं सभागृह थांबलं, बाबा. पुढच्या रांगेतल्या एका बाईने स्वतःचं तोंड दाबून धरलं. मग तो गायला, आणि गाताना एकही शब्द अडला नाही. लोक उभे राहिले. एक परीक्षक म्हणाला, "तुझं बोलणं अडतं तिथे तुझं गाणं सुरू होतं." दुसऱ्या दिवशी तेच वाक्य सगळीकडे.

तुमची थट्टा करायचं त्याच्या मनातही नव्हतं, एवढं तरी खरं माना. त्याला स्वतःचं कसं होतं ते आता आठवत नाही. घरात जे रोज पाहिलं तेच अंगातून आलं.

मी मध्ये पडायला हवं होतं का? तुम्ही म्हणाल, हो. पण बाबा, दुसरं त्याला येतं काय? अभ्यासात कधी चमकला नाही, कुठे नोकरीत चिकटला नाही. या एकाच गोष्टीत तो कोणाच्या खाली नाही. आणि ती गोष्ट चांगली येते म्हणून त्याला घरी पाठवणार? बेकरीवाली आता पुन्हा पाव भाजतेय. हे सगळं फक्त अंतिम फेरीपर्यंत. मग तो सांगेल की गाऊन गाऊन बरा झालो. लोक त्यालाही टाळ्या वाजवतील.

या आठवड्यात तो सगळ्यांच्या वर आहे.

आईला यातलं काही सांगू नका. ती शेजारीपाजारी बोलून बसेल. आणि रागावलात तरी पत्र लिहा. गप्प बसू नका.

तुमची,
ताई


मंगळवार, १९ मार्च

बाबा,

तुमचं उत्तर नाही. टपालाला उशीर झाला असेल असं धरून चालते.

काल उपाहारगृहात बारक्या चहा मागायला गेला. "च" वर अडला. मी हसले. म्हटलं, "पुरे की रे, इथे कोणी कॅमेरा लावलेला नाही." तो वळून माझ्याकडे बघायला लागला. त्याच्या मानेच्या शिरा ताणलेल्या, डोळ्यांत पाणी, आणि तोंडातून नुसती हवा. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "सावकाश, साहेब, सावकाश." तेव्हा माझ्या लक्षात आलं.

च वर तो कधीच अडत नसे. लहानपणीही नाही. तुम्हीही च वर अडत नाही. हे तुमचं नाही आणि त्याचं जुनंही नाही. हे नवीनच काहीतरी आलंय, आणि ते सगळ्या अक्षरांवर आहे. त्याला स्वतःचं नाव सांगता येत नाही. मला हाक मारताना "ता" पर्यंत येतो आणि मग हात हलवून सोडून देतो. खोलीत आम्ही दोघंच असतो तेव्हासुद्धा.

आठवतं, त्या इलाजवाल्या बाई शेवटच्या दिवशी काय म्हणाल्या होत्या? तुम्ही दाराशी उभे होता. "गेलंय म्हणून खेळू नका याच्याशी. हे पाहुण्यासारखं असतं, थट्टेत बोलावलंत तरी सामान घेऊन येतं." मी तेव्हा हो हो म्हणत चपला शोधत होते.

आज तालमीत ध्रुवपदाला उशीर झाला. वादकांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा उशीर. तिसऱ्यांदा लागला, पण त्याने पहिला शब्द गिळून दुसऱ्यापासून सूर धरला. कोणाला कळलं नाही. मला कळलं. आजवर गाण्याच्या उंबऱ्याच्या आत हे कधीच आलं नव्हतं.

मी धावत गोष्टवाल्या बाईंकडे गेले. हात जोडून सांगितलं, खरंच झालंय, त्याला डॉक्टर हवा, बोलायचं काही ठेवू नका, नुसतं गाऊ दे. त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, "अगं, मला पहिल्यापासून खरंच वाटत होतं." मग जरा थांबून, "खरं असेल तर उलट चांगलंच आहे ना?"

आगीतून निघून फुफाट्यात म्हणतात, तसंसुद्धा नाही हे. आग मीच पेटवली.

मी त्याला म्हटलं, चल, घरी जाऊ. त्याने मान हलवली. नाही म्हणतोय. अंतिम फेरी रविवारी आहे.

बाबा, तुम्ही काय करता? घशाशी शब्द येऊन बसतो आणि हलत नाही तेव्हा तुम्ही आत काय करता? त्याला काय सांगू? लहानपणापासून तुम्ही अडलात की मी तुमचं वाक्य पुरं करून मोकळी व्हायची. बँकेत, दवाखान्यात, पाहुण्यांसमोर. मला वाटायचं मी मदत करते. काल रात्री बारक्याचं वाक्य मी पुरं केलं, तर त्याने हातातला पेला भिंतीवर मारला.

माझा फोन नाही. गोष्टवाल्या बाईंचा नंबर पत्राच्या मागे लिहिते. आईला लावायला सांगा. आईलाच सांगा, सगळं सांगितलंत तरी चालेल. काहीतरी करा.

ताई


सोमवार, २५ मार्च

बाबा,

हे पत्र बारक्याच तुमच्या हातात देईल. बसस्टँडवरच्या बाकावर बसून लिहितेय. तो पलीकडच्या टोकाला बॅगेवर डोकं ठेवून पडलाय, टोपी तोंडावर. गाडीला अजून अवकाश आहे. त्याच्यादेखत वाचलंत तरी हरकत नाही. यात त्याला माहीत नसलेलं काही नाही. तुम्हांला माहीत नसलेलं आहे.

टीव्हीवर जे दाखवलं ते तुम्ही पाहिलंच. जे दाखवलं नाही ते सांगते.

गुरुवारी कोणीतरी तो जुना व्हिडिओ शोधून काढला. कॉलेजच्या संमेलनाचा. बारक्या निवेदन करतोय, विनोद करतोय, पोरं हसताहेत, आणि शब्द कसे लाह्या फुटाव्यात तसे येताहेत. खाली कोणीतरी लिहिलं, "हाच का तो बिचारा?" गोष्टवाल्या बाईंनी मला त्यांच्या फोनवर दाखवलं. संध्याकाळपर्यंत सगळीकडे तेच. नाटकी. लबाड. एकाने लिहिलं होतं, माझी बहीण खरंच अशी बोलते, तिच्या दुःखावर यानं मतं गोळा केली. ते मी दोनदा वाचलं, कारण त्या माणसाचं काहीच चुकलं नव्हतं. फक्त त्याला दोन आठवडे उशीर झाला होता. खोटं होतं तेव्हा सगळे रडले. खरं झालं तेव्हा हसायला लागले.

मला वाटलं, आता तरी त्याला बोलायला लावणार नाहीत. चॅनेलच्या मोठ्या साहेबांनी उलटंच सांगितलं. लोकांना आता तो बोलताना बघायचाय, म्हणाले. खरं की खोटं ते त्यांना ठरवू दे.

रविवारी सभागृहात शिरतानाच हवा वेगळी लागली. प्रेक्षकांना कधी टाळ्या वाजवायच्या ते खुणेने सांगणारा एक माणूस असतो. बारक्याचं नाव आलं की तो बिचारा हात वर करून करून दमला, पण टाळ्या चार इकडे आणि चार तिकडे. कोणीतरी मागून "म... म... म..." केलं आणि त्यावर मात्र सगळे हसले.

त्याची पाळी यायच्या थोडं आधी आम्ही मागच्या बोळात उभे होतो. कपड्यांच्या रांगा, वायरी, कोणीतरी इस्त्री करतंय. गोष्टवाल्या बाईंचा फोन वाजला. त्या दोनदा हॅलो म्हणाल्या आणि वैतागून म्हणाल्या, "कोणीतरी आहे. बोलत नाही, नुसता श्वास घेतोय." आणि ठेवायला निघाल्या. मी झडप घालून फोन घेतला.

तो श्वास मी कुठेही ओळखला असता.

मी आईला लावायला सांगितलं होतं, बाबा. तुम्ही स्वतः लावाल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. मी हॅलोसुद्धा म्हटलं नाही. फोन बारक्याच्या हातात दिला.

त्याने कानाला लावला आणि तो तिथेच एका पेटीवर बसला. तुम्ही बोलत होता की नव्हता, मला ऐकू येत नव्हतं. त्याचा चेहरा तेवढा दिसत होता. बराच वेळ तो नुसता ऐकत होता. मग त्याने "बा" म्हटलं आणि अडला, आणि अडलेलाच राहिला. पण या वेळी मान ताणली नाही. तुम्ही पलीकडे थांबलेले असणार. तोही थांबला. इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी करून ठेवली. आठवड्याभरात पहिल्यांदा त्याचे खांदे खाली आलेले मी पाहिले. तुम्ही काय बोललात ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारणार नाही.

पण पुढचं ऐका. गोष्टवाल्या बाईंच्या लक्षात आलं. त्या माझ्या कानाशी लागल्या. "वडील? ते पण असेच बोलतात? अगं, मग आधी सांगायचं नाही का! हे थेट घेऊ या. आवाज सभागृहात सोडू. घराण्यातच आहे हे लोकांना कळू दे, ती क्लिप धुऊन निघेल. एका मिनिटात मतं फिरतील." कॅमेरावाल्याला त्यांनी खूण केलीसुद्धा. त्याने कॅमेरा खांद्यावर घेतला.

मी काय म्हटलं असेल, बाबा?

मी म्हटलं, "घ्या."

तुम्ही जन्मभर जे चार लोकांत निघू नये म्हणून दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासत बसलात, ते देशभर ऐकवायला मी एका शब्दात तयार झाले. विचार करायलासुद्धा थांबले नाही. एवढं होऊनही माझ्या डोक्यात तेच चालू होतं, मतं फिरतील, मतं फिरतील.

बारक्याने ऐकलं. फोन छातीशी धरला, उठला आणि दुसरा पंजा सरळ कॅमेऱ्याच्या काचेवर ठेवला. "बा... बा... बाबांना नाही," म्हणाला. पुरं वाक्य. कितीही वेळ लागला असेल, पण पुरं केलं. मग फोन बंद केला आणि मंचाकडे चालू लागला.

पुढचं तुम्ही पाहिलंत. सूत्रसंचालकाने विचारलं, "लोकांना काय सांगशील?" आणि तो गप्प उभा राहिला. लोकांना वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून दातखीळ बसली. त्याने बोलायचं नाही असं ठरवलं होतं. अडखळला असता तरी नाटक ठरलं असतं, आणि सरळ बोलणं आता त्याच्या हातात नव्हतं. मग तो गायला. पहिला शब्द राहून गेला आणि सभागृहातून शिट्टी आली, तेही ऐकलं असेल तुम्ही. पण दुसऱ्या कडव्याला तो जे गायला, बाबा, ते तो आजवर गायला नव्हता. मागे इस्त्रीवाला रडत होता. मत देणाऱ्यांनी ते ऐकलं की नाही मला माहीत नाही. ते हिशोब चुकता करायला बसले होते.

तो शेवटचा आला. जिंकली ती ट्रक चालवणाऱ्याची मुलगी. बरी गाते, गुणी आहे. निकालानंतर कागदी फुलांच्या ढिगात ती गोंधळून उभी होती. मला बघून जवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, मी का जिंकले?" गोष्टवाल्या बाई तिच्या पाठीची माईकची वायर सोडवत होत्या, त्याच म्हणाल्या, "तुझ्यावर कोणाचा राग नव्हता. आणि तू शेवटी गायलीस." एवढं बोलून वायर गुंडाळून दुसऱ्या कामाला गेल्या.

आता जे दोनदा लिहिता लिहिता टाळलं ते लिहिते.

मी तुम्हांला लिहिलं होतं की बारक्याने ठरवलं. बारक्याने काही ठरवलं नव्हतं. गोष्टवाल्या बाई खोलीतून गेल्यावर मीच त्याच्या मागे लागले. तो नाही म्हणाला. चिडला. उशी फेकली. मी म्हटलं, एकदाच, एका शब्दावर. तो म्हणाला, "ताई, मला येणारच नाही. माझं कसं होतं ते मला आठवतसुद्धा नाही."

मी म्हटलं, "बाबांचं आठवतं ना?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं की तिथेच मी गप्प बसायला हवं होतं. मी बसले नाही. मी आरशासमोर उभी राहिले आणि त्याला करून दाखवलं. डोळे कसे मिटतात, हनुवटी कशी वर जाते, म वर ओठ किती वेळ मिटलेले राहतात. हुबेहूब केलं. मलाच ते सगळ्यांत चांगलं येत होतं, जन्मभर तुमच्या तोंडाकडे बघत तुमचं वाक्य कधी पुरं करायचं याची वाट बघणारी मी. तो म्हणाला, "बास कर." मी म्हटलं, "आता तू कर." आणि मला बरं वाटावं म्हणून त्याने केलं.

तो यातलं एक अक्षरही घरी सांगणार नाही, मला माहीत आहे. म्हणून मी सांगितलं.

आज सकाळी तिकिटाच्या खिडकीवर मी पुढे झाले, तर त्याने हाताने मला बाजूला केलं. रांगेत उभा राहिला. आपल्या गावाचं नाव त्याला निघेना. मागचे लोक कुरकुरायला लागले. एकाने ओळखलं. म्हणाला, "अरे, संपला की कार्यक्रम, आता तरी सोड!" चार जण हसले. मी तिथेच होते, हाताच्या अंतरावर. खिडकीतल्या माणसाला गावाचं नाव मी सांगू शकले असते. त्या हसणाऱ्याची कॉलर धरू शकले असते. बारक्याने सगळ्यांसमोर नाव पुरं काढलं आणि एक तिकीट घेतलं. एकच. माझं घेतलं नाही. मी विचारलं तर माझ्याकडे बघितलं नाही. नंतर हातानेच सांगितलं, तू नंतर ये.

कधी, ते नाही सांगितलं.

फोन परत मिळालाय. आईला निरोप दिलाय, संध्याकाळच्या गाडीने तो पोचेल म्हणून. स्टँडवर तुम्हीच जावं, असंही सांगितलंय. आई गेली असती तर तिने प्रश्न विचारले असते आणि उत्तर यायच्या आत स्वतःच रडली असती. तो बोलला तर बोलू द्या, नाही बोलला तरी राहू द्या, हे मी तुम्हांला कशाला सांगतेय? तुमच्याइतकं हे कोणाला कळतं!

एकच विचारायचंय. त्याचं जाईल का हो, बाबा? इलाजवाल्या बाईंना विचारीन, डॉक्टरांना विचारीन, पण आधी तुम्हांला विचारते. तुमचं का गेलं नाही, कधी कोणी घालवायचा प्रयत्न केला होता का, आत दुखतं का, हे मी आजवर एकदाही विचारलं नाही. मला वाटायचं तुम्ही असेच आहात, जसे तुम्ही उंच आहात. काल त्या पेटीवर बसलेल्या बारक्याकडे बघताना पहिल्यांदा कळलं की तुम्ही हे रोज करता.

गाडी लागली. तो उठलाय, बॅग उचलतोय. पाकीट बंद करायला वेळ नाही.

त्याची ताई म्हणून आज सही करवत नाही.

तुमची,
मुलगी